उजव्यासाठी डावा

बेकरीतलं सगळं पीठ मावशी स्वतःच्या हातांनी मळायची. ओल्या फरशीवर पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा तिचे हातपायच गळाले. पीठ मळायला माणूस ठेवला. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मावशी गल्ल्यावर तोंड फुगवून बसू लागली.

तिची भाची वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायची. एका संध्याकाळी ती डंबेल घेऊन आली.

"मावशी, डावा हात पुढे कर."

"अगं, मोडलाय उजवा!"

"म्हणूनच डावा."

"वा! रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

भाची हसली, पण हटली नाही. "मी व्यायाम सुरू केला ना, तेव्हा दंड होते तेवढेच होते, तरी वजन जास्त उचलायला लागले. आधी नसा शिकतात, मावशी. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचवायला. आणि एक हात शिकला की दुसऱ्याच्याही कानावर थोडं पडतं."

मावशीनं डॉक्टरांना विचारलं. "करा की," ते म्हणाले. "प्लास्टरमधल्या हाताची ताकद जरा कमी घटेल."

मग भट्टी निवत असताना मावशी दात-ओठ खाऊन डंबेल उचलू लागली. गिऱ्हाइकं विचारायची, "काय मावशी, कुणाला लोळवायचंय?" ती कुणाकडे बघायचीही नाही.

एकदा मध्येच ती थांबली.

"अगं, प्लास्टरमधला हातपण आवळला जातोय. मी काही सांगितलं नव्हतं त्याला."

दोघी प्लास्टरकडे बघत राहिल्या.

प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झाला होता. तो बघून मावशीला रडूच कोसळलं. डॉक्टरांनी स्वतःची दोन बोटं पुढे केली. "दाबा." तिनं दाबली. "अहो, बरीच पकड राहिलीय की!"

तरी पहिल्या दिवशी पिठाचा गोळा तिला आवरेना. मनगट ठणकत होतं, जोर पुरत नव्हता. पण गोळा दुमडून तळव्यानं पुढे रेटायची ती लकब न आठवताच आली. मावशीनं हात थांबवला. इतकी वर्षं हे आपण करतो असं वाटायचं. आत कुणीतरी निमूटपणे शिकत बसलं होतं, याची दखलच घेतली नव्हती.

नव्या माणसाला तिनं काढलं नाही. सकाळचं पीठ त्याच्याकडे, दुपारचं तिच्याकडे. रविवारी ती भाचीबरोबर व्यायामशाळेत जायला लागली.

"या वयात हे काय खूळ?" नवऱ्यानं विचारलं.

"हात शिकतोय तोवर शिकवते," मावशी म्हणाली आणि चपला शोधू लागली.