राब पेटला तेव्हा वरच्या खोलीतली मार्शल

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते ती पोरगी अमरावतीकडची. हिंजवडीला कंपनीत जाते. "काकाजी, मी आमच्या मजल्याची फायर मार्शल आहे, आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढायचं माझ्याकडं," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मी हसलो. मार्शल म्हणजे आमदारांना उचलून सभागृहाबाहेर काढतात ते, टीव्हीवर बघितलेत मी. ही काडीएवढी पोर कुणाला उचलणार?

मी चौथी शिकलेला, पण भाताच्या रोपाचा राब जन्मभर मीच भाजला. वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरायचा आणि वारा जिकडं जातो त्या टोकाला पेटवायचा. जाळ वाऱ्याविरुद्ध हळू सरकतो, माती नीट भाजते. गेल्या उन्हाळ्यात तसाच पेटवला. पण बांधाला लागून आता उंच इमारत झालीय. तिच्या भिंतीला आपटून वारा उलटा फिरला आणि जाळ वाळल्या गवतातनं गोठ्याकडं निघाला. गोठ्यात गाभण गाय, दिवस भरत आलेली.

रविवार होता. पोरगी खाली आली. आमच्या मंडळीला म्हणाली, "काकू, गाय तुम्हाला ओळखते. मागच्या दारानं रस्त्यावर न्या." आमच्या बाकीच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरू पोरांतल्या दोघांना निरगुडीच्या डहाळ्यांनी जाळ झोडपायला लावलं, एकाला पाण्याची मोटर चालू करायला पाठवलं. आवाज चढवला नाही, तरी सगळे निमूट कामाला लागले. मी सांगितलं असतं तर निम्मे जागचे हलले नसते.

"काकाजी, तुम्ही इथंच थांबा."

"गाय माझी हाय."

"म्हणूनच म्हणते."

ती मोटरीकडं वळली आणि मी आत घुसलो. धुरात चाचपडतोय, तर हाताला नुसतं दावं लागलं. गाय मंडळीनं केव्हाच नेली होती. आता मला दार सापडेना. तेवढ्यात तोंडाला ओला पंचा बांधून पोरगी आली, माझं मनगट धरलं. "खाली वाका." वाकलो.

बाहेर तिनं माणसं मोजली. मग सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुमच्यापायी मला आत यावं लागलं. पुन्हा असं करायचं नाही."

"बरं झालं," मंडळी म्हणाली. "माझं तर कधी ऐकत न्हाईत."

मोटरीच्या पाण्यानं जाळ विझला, पण गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं. पाचव्या दिवशी गाय व्याली, कालवड झाली. खरवस घेऊन मी स्वतः जिना चढलो. माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं, पण ते काही तोंडातनं निघेना.

"पुढच्या साली राब कुठनं पेटवायचा, ते तूच सांग," म्हणालो.

"ते मला काय कळतं, काकाजी? ते तुम्ही ठरवा. पण मी घरी असेन त्या दिवशीच पेटवा."

"व्हय," म्हणालो.