मांजरांच्या गोळ्या परत करा

मांजर म्हणजे आकारानं लहान राहिलेली गाय, असं मनापासून मानणारे गृहस्थ सबंध मराठवाड्यात एकच होऊन गेले आणि ते नेमके माझ्या ताईचे सासरे निघाले. नळदुर्गपासून बैलगाडीनं तासाभरावर त्यांचं गाव. गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा पटका, आणि सात पिढ्यांत घरातल्या कुणी फुटलेलं अंडंसुद्धा पाहिलेलं नाही. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. गावच्या सोसायटीचं गोदाम त्यांच्याकडं होतं आणि तिथं येणारी जनावरांची पेंड ते आधी स्वतः खाऊन बघत. नुसती चाखून नव्हे, चांगली मूठभर, मांडी घालून, डोळे मिटून. एकदा सोलापूरहून आलेल्या सरकी पेंडीचा ट्रक त्यांनी एका घासात परत पाठवला होता. “खवट हाय,” एवढंच म्हणाले. ड्रायव्हरनं लई हुज्जत घातली, तेव्हा अप्पांनी त्याच्याही तळहातावर चिमूटभर पेंड ठेवली. त्यानं मुकाट्यानं गाडी वळवली.

त्यांची दुसरी सवय डोळे बघण्याची. कुणीही भेटलं की रामराम व्हायच्या आधी अप्पांचा अंगठा त्याच्या खालच्या पापणीवर असे. पापणी ओढायची, आत डोकवायचं आणि खुराक सांगायचा. ताईला बघायला आले तेव्हा आमच्या घरी पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या, अप्पा सरळ उठले आणि नवऱ्या मुलीची पापणी ओढून माझ्या वडलांना म्हणाले, “पोरगी झ्याक हाय. शेवग्याचा पाला तेवढा कमी पडलाय.” पुढं मी त्यांच्या गावच्या शाळेत बाई म्हणून लागले आणि ताईकडं राहायला गेले, तेव्हा माझीही तीच गत झाली. आमटीत शेवगा, भाकरीत शेवगा, ताकात शेवगा. महिन्याभरानं मला आरशात बघताना आपण हंबरतो की काय अशी भीती वाटू लागली. पण खरं सांगायचं तर त्या वर्षी माझी तब्येत सुधारली आणि मी ते त्यांना कधीच कबूल केलं नाही.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, जनावरं छावणीत गेली. उरली मांजरं. गोदामात दाणा नव्हता, म्हणून उंदीर नव्हता, आणि दूध तर माणसालाच नव्हतं. मांजरांचा विचार ना सरकारनं केला होता, ना आणखी कुणी. तो अप्पांनी केला. सोसायटीच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, “आज ना उद्या पाऊस पडंल. बियाणं यील. बियाण्यामागं उंदीर यील. तवा मांजर कुठनं आणायचं? सोलापूरला मागणी घालायची का?” चेअरमननी ठरावाची वही उघडली. आणि ‘गावातील मांजरांस खुराक पुरवणे’ असा ठराव रीतसर सूचक-अनुमोदकासह मंजूर झाला. असा ठराव करणारी सोसायटी दुसरी कुठली असेल तर मला ती बघायची आहे.

खुराक अर्थातच अप्पांनी ठरवला. ज्वारीचं पीठ, शेंगदाणा पेंड, शेवग्याचा वाळवलेला पाला आणि थोडा गूळ. मांजरांनी तोंड लावावं म्हणून तूप कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी. सगळं मळून बोराएवढ्या गोळ्या करायच्या आणि गोदामाच्या पत्र्यावर वाळवायच्या. यात सोसायटीचा फक्त पत्रा होता, बाकी जिन्नस घरचा. ताईच्या सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, “माणसाच्या च्याला गूळ न्हाय आन् ह्यांची मांजरं लाडू खात्यात!” वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांतून या गोळ्या घरोघर गेल्या. दर पंधरा दिवसांनी अप्पा फेरी काढून डबे भरून द्यायचे आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच प्रश्न विचारायचे, “मांजर खातंय न्हवं?” उपाशी मांजर काय, खातच होतं. अप्पांची स्वतःची गौरा नावाची भुरी मांजरी तर ताटलीसमोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघायची. त्यांनी “खा” म्हटल्याशिवाय गोळीला शिवायची नाही. सहा महिने झाले, वर्ष होत आलं. एक मांजर मेलं नाही. “संस्कार लागत्यात,” अप्पा मला सांगायचे. “मांजर मुळातलं वाईट न्हाय, बाई. संगत वाईट.”

पुढच्या मृगाला पाऊस लागला. गोदामात बियाण्याची पोती आली आणि अप्पांनी सांगितल्याप्रमाणं चौथ्या दिवशी उंदीरही आले. अप्पांना इतका आनंद झाला की पाहुणे आल्यासारखे ते गौराला काखेत घेऊन निघाले. चेअरमन, दोन पंच आणि शाळा सुटल्यामुळं मी, असे आम्ही सोहळा बघायला दारात उभे. एक गलेलठ्ठ उंदीर भिंतीकडेनं निघाला आणि गौराच्या नाकासमोरून, अगदी हातभर अंतरावरून, सावकाश चालत गेला. गौराचे कान हलले. तिनं अंग चोरलं, शेपूट आपटली आणि झेप घेतली ती चेअरमनच्या चपलेवर. सगळे पोट धरून हसले. अप्पाही हसले, “अहिंसा भिनली अंगात!” म्हणाले. पण घरी आल्यावर गौरा रोजच्या कोनाड्यात उडी मारायला गेली आणि भिंतीवर आपटून खाली पडली. अप्पांनी तिला उचललं, उन्हात नेलं आणि सवयीनं पापणी ओढली. भर दुपारच्या उन्हात तिची बुबुळं रात्रीसारखी वाटोळी, काळीभोर, सताड उघडी होती. उन्हात मांजराच्या डोळ्यांत नुसती एक रेघ उरते, हे मलाही ठाऊक होतं. अप्पांनी तिच्यासमोर बोट नाचवलं. ती त्यांच्या आवाजाकडं बघत राहिली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत गावातली पंधरा-वीस मांजरं त्यांनी अंगणाअंगणांत उन्हाला धरली. काहींच्या डोळ्यांत रेघ जेमतेम उमटत होती, काहींच्या मुळीच नाही. गुरांच्या डॉक्टरांना नळदुर्गहून बोलावलं. त्यांनी आधी मांजर आपल्या खात्यात मोडत नाही असं सांगून पाहिलं, मग डोळे तपासले आणि मग खुराक विचारला. अप्पांनी अभिमानानं नव्हे, अगदी खालच्या आवाजात सांगितला. डॉक्टर म्हणाले, “अप्पा, मांजराला मांस-मासळीतनं जे मिळतं ते पाल्यातनं मिळत नाही. गेलेली नजर काही परत यायची नाही. राहिलेली वाचवा.”

चेअरमननी शहाणपणाची वाट सुचवली. गोळ्या गुपचूप बंद करायच्या, कुणी विचारलं तर मांजरं म्हातारी झाली म्हणायचं. उगाच सोसायटीची अब्रू कशाला घालवायची? अप्पा म्हणाले, “देताना ठराव केला. परत घेताना बी ठराव करा. त्यात माजं नाव लिवा.” आणि त्यांनी दवंडी दिली. आता दुष्काळात दवंडी म्हणजे काहीतरी वाटप, हे गावाला पाठ झालेलं. ‘मांजराच्या गोळ्या परत करा’ हे ओरडून सांगितलं तरी निम्मं गाव रिकामे डबे घेऊन गोदामासमोर रांगेत उभं राहिलं! तेव्हा अप्पांनी दवंडीचा नाद सोडला, एक पोतं खांद्यावर टाकलं, मला म्हणाले, “चल बाई, तुला नीट बोलता येतं,” आणि आम्ही दारोदार निघालो. बोलायची वेळ माझ्यावर आली नाही. प्रत्येक उंबऱ्यावर ते स्वतःच सांगायचे, “माजं चुकलं. ह्या गोळ्यांनी मांजराचं डोळं जात्यात. परत द्या.” कुणी हसलं, कुणी “मांजर तर मांजर, अप्पा, एवढं काय” म्हणालं. ज्यांनी “एवढं काय” म्हटलं त्यांच्यावर ते जास्त चिडायचे.

शेवटी बौद्धवाड्यात सुंदराबाईच्या दारी आलो. सुंदराबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी, दोन नातवंडांना एकटीनं सांभाळणारी, तोंडानं फटकळ बाई. तिचं मांजर उन्हात पसरलं होतं. अप्पांनी वाकून बघितलं आणि मला जवळजवळ ओढलंच. त्याच्या डोळ्यांत सुईसारखी रेघ होती.

“सुंदराबाई, ह्यानं गोळ्या खाल्ल्या न्हाईत?”

“ते कशाला खातंय? पोरांनी खाल्ल्या,” सुंदराबाई म्हणाली. “ग्वाड हुत्या. खडी फोडून आल्यावर म्या बी चार-चार खायची.”

“आन् म्या इचारायचो तवा?”

“तुमी इचारायचा, मांजर खातंय न्हवं. म्या म्हणायची, मिटक्या मारत खातंय. न्हाय म्हणलं तर डबा बंद केला असता की तुमी!”

“मग ह्येला काय घालायचीस?”

“बाजारातनं सुकटीचा चुरा. मांजराला वशाट लागतं, अप्पा. हे बी कुणी सांगायचं असतंय व्हय?”

अप्पा तिच्या ओट्यावर बसले. खांद्यावरचं पोतं काढायचंही त्यांना सुचलं नाही. म्हणाले, “गावच्या समद्या मांजरांची इचारपूस केली म्या. सुंदराबाई, तू जेवलीस का, एवढं काय इचारलं न्हाय.”

“आता इचारा की,” सुंदराबाई म्हणाली आणि फुटक्या कपात चहा ओतू लागली. मी अप्पांकडं बघितलं. त्या काळात त्या ओट्यावर त्यांच्या घरातलं कुणी पाणी प्यालेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि गूळ कमी आहे म्हणून तक्रारसुद्धा केली. दुसऱ्या दिवशी गुळाची ढेप घेऊन गेले. सोबत पाटीत झाकून गौरा, कारण घरात सुकट आली असती तर सासूबाई माहेरी गेल्या असत्या. पहिले काही दिवस गौरा सुकट खायची आणि अप्पा नाकाला उपरणं लावून पाठमोरे बसायचे. पुढं उपरणं सुटलं, मग बाजारातून सुकटही तेच आणू लागले. शेरभर सुकट पारखून घेणारा लिंगायत बघायला नळदुर्गच्या बाजारात लोक थांबायचे. ते प्रत्येकाला थांबवून सांगायचे, “मांजराला हेच लागतं. म्या चुकलो हुतो.” गावातली लहान पिल्लं वाचली. मोठ्यांपैकी काहींची उरलेली नजर टिकली. गौराला मात्र पुन्हा दिसलं नाही.

ती घरात वावरायची ती अंदाजानं, आणि अंदाज चुकू नये म्हणून अप्पांनी घरातली एकही वस्तू जागची हलवू दिली नाही. सोप्यात मधोमध त्यांची बाज होती, ती मधोमधच राहिली. ताईच्या नणंदेच्या लग्नात वऱ्हाडी त्या बाजेला अडखळून पडत होते. नवरदेवाच्या मामाचा गुडघा फुटला. अप्पांनी त्यांच्या गुडघ्याला हळद लावली, पण बाज सरकवली नाही. “तिला बाजेवरनं दार कळतंय,” ते वऱ्हाडाला समजावून सांगत होते. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. लग्नघरात एवढा हट्ट शोभत नाही, असं मी त्यांना तोंडावर म्हणालेही.

गौरा पुढं बरीच वर्षं जगली. ती गेल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडं गेले, तेव्हा माझी बदली तुळजापूरला झालेली होती. अप्पा फार थकले होते. माझी पापणी ओढायला हात वर केला, पण तो मध्येच खाली आला. बाज तिथंच होती. मी सहज म्हटलं, “अप्पा, आता लावायची का ही भिंतीला?”

“लावू की,” ते म्हणाले. मग त्यांनी दाराकडं बघितलं. “म्या दिलं ते समदं खाल्लं तिनं, बाई. पाला खाल्ला, पेंड खाल्ली. तिला नकोच असंल ते. पर माज्या तोंडाकडं बघून खाल्लं.”

त्यांना ताक हवं होतं, म्हणून मी बाजेला वळसा घालून आत गेले.