तुरीच्या पोत्याच्या तळाशी
आज खटला जिंकलेल्या एका पक्षकाराने नव्या तुरीचं पोतं ओसरीत ठेवलं आणि जुना वास नाकात आला. काही वर्षांपूर्वी इचोड्याला ट्रकखाली पाय गेलेल्या एका माणसाला मी भरपाई मिळवून दिली होती. पुढे त्याच्या कपाशीत गांजा सापडला, तेव्हा ‘कोणं लावला, मले ठाऊक नाही, वकीलसाब,’ या त्याच्या शब्दावर विसंबून मी त्याला सोडवलं. सुगीत तो पोतं घेऊन आला. ‘अर्धी तूर तुमाले, अर्धी माही पोरगी येऊन नेईन.’ माझ्या बायकोने पोत्यात हात घातला, तर तळातून गांजाच्या पुड्या निघाल्या. जाब विचारला तेव्हा तो कुबडीवर रेलून शांतपणे म्हणाला, ‘वकिलाच्या घरी पोलीस कायले येतीन?’ आजच्या पोत्यात तूरच होती. पण तळापर्यंत हात घातल्याशिवाय मला त्या पक्षकाराला ‘बसा’ म्हणता आलं नाही.