कसाला लावलेलं पेन

कासुर्डीच्या तात्याबा टकलेचा स्वभावच संशयी. संशयी माणसं गावोगाव असतात, पण तात्याबाचा संशय बारा महिने तेरा काळ जागा. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं बुंदीचा जरा आग्रह केला की हा शेजारच्याला कोपर मारून म्हणायचा, "लई उरलेली दिसती. न्हाईतर एवढा मागं कशापायी लागला आसता?" डेअरीवर दूध घालायला गेला की माप ओतणाऱ्याच्या अंगठ्यावर नजर ठेवून उभा. त्याची बायको रतनबाई सांगायची, "मला बघाय आल्ते तवा ह्यांनी माझं तोंड धुवाय लावलं हुतं. पावडर लावलीय का बघाय." सांगताना ती हसायची, पण इतक्या वर्षांत ती गोष्ट विसरलीही नव्हती.

तात्याबाचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. पोरानं तसं हिंडू नये म्हणून त्यांनी त्याला मामाकडं ठेवून सातवीपर्यंत शिकवलं. शिक्षणातलं बाकी सगळं पुढं शेतीच्या पाण्यात वाहून गेलं. राहिलं ते अक्षर. मोत्यासारखं म्हणतात तसं. लग्नसराईत गावातली माणसं पत्रिकांचे गठ्ठे घेऊन त्याच्याकडं यायची आणि तो पाहुण्यांची नावं घालून द्यायचा. मिळेल त्या बॉलपेननं लिहायचा, आणि आपलं नाव इतकं देखणं दिसतं हे पाहुण्यांना पत्रिका हातात पडल्यावर कळायचं.

असल्या माणसाला मित्र किती असणार? एकच होता. यवतचे आण्णा दोरगे. दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, निवृत्त होऊन घरी बसलेले. तात्याबापेक्षा बरेच मोठे. बाजाराच्या दिवशी तात्याबा पिशव्या त्यांच्या ओट्यावर टेकवून तास-तासभर बसायचा. आख्ख्या दौंड तालुक्यात आण्णांच्या घरचा चहा तेवढा तो वास न घेता प्यायचा.

आण्णांकडे एक शाईचं पेन होतं. परदेशी, काळंभोर, टोपणाला सोनेरी पट्टी आणि निब सोन्याची. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी ते मुंबईहून आणवलं होतं आणि पुढची सगळी नोकरी त्याच पेनानं केली. आता त्यांचा हात कापायला लागला होता. अठ्ठ्याण्णव साली तात्याबाच्या पूनमचं लग्न ठरलं, तेव्हा आण्णांनी पेन त्याच्यापुढं ठेवलं.

"तात्या, साऱ्या गावाच्या पत्रिका लिहिल्यास. आता पोरीच्या ह्यानं लिही. घिऊन जा, तुलाच दिलं."

तात्याबाच्या मनात पाल चुकचुकली. फुकट? एवढी वस्तू? तो म्हणाला, "तसं नगं आण्णा. इकत घेतो." आण्णांनी हसून अगदीच किरकोळ किंमत सांगितली. ती ऐकून तात्याबा आणखीच बिचकला. "एवढं स्वस्त? कुठं पिचकलंय का काय?" आण्णांना हसता हसता ठसका लागला. "बरं बाबा, दुप्पट दे मग." दुप्पट दिल्यावर कुठं तात्याबाच्या जिवाला बरं वाटलं!

देताना आण्णांनी सांगितलं, "दाबून लिहू नगं. निबंला तिच्या चालीनं चालू दे. आठवड्याला कोमट पाण्यानं धू. आन् दुसऱ्याच्या हातात देऊ नगं, निबंला एकाच हाताची सवय आसती."

हे सगळं तात्याबानं देवाचं करावं तसं केलं. पेन धुवायचं भांडं वेगळं, पुसायचं फडकं वेगळं. यवतच्या स्टेशनरीवाल्याकडून शाईची दौत आणली आणि तीसुद्धा उजेडात धरून हलवून बघितली, पाणी घातलंय की काय म्हणून. पेन ट्रंकेत ठेवायचा आणि टोपणात केस अडकवायचा. कुणी उघडलं तर केस हलेल आणि चोर सापडेल. केस कधी हलला नाही. रतनबाईला त्या पेनाचं सोयरसुतक नव्हतं, तिला पत्रिका वेळेवर जायला हव्या होत्या. पण तात्याबा रोज जुन्या वहीच्या पानावर नुसतं पूनमचं नाव लिहून बघायचा. पेन कागदावरून इतकं अलगद सरकायचं की त्याचं त्यालाच हसू यायचं.

आणि मग चुलतभाऊ संपत आला. हा सणसवाडीला कंपनीत कामाला, त्यामुळं जगातलं सगळं त्याला ठाऊक. पेन बघून म्हणाला, "सोन्याची निब? आवं दादा, तसल्या निबा कवाच काढून इकत्यात लोक. पितळंची बसवत्यात, वर सोन्याचं नुसतं पाणी. आमच्या कंपनीतल्या सायबाला आसंच गंडवलं."

संपत चहा पिऊन निघून गेला. तात्याबाची मात्र झोप उडाली. आण्णा तसं करायचे नाहीत, हे त्याला माहीत होतं. पण मग ते फुकट का देत होते? आणि दुप्पट दे म्हणताना एवढं हसू कशाचं आलं होतं? पुढच्या बाजाराला आण्णांनी सहज विचारलं, "चालतंय न्हवं नीट?" तर ह्याच्या मनात आलं, ह्यांना एवढी काळजी का? त्या दिवशी ओट्यावर तो फार वेळ बसला नाही. आपल्या एकुलत्या एका माणसाच्या तोंडाकडं चोरट्या नजरेनं बघायची पाळी आली, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. हे एकदाचं मिटावं, आण्णा आपल्याला पूर्वीसारखे मिळावेत, म्हणून त्यानं ठरवलं की निब सोनाराला दाखवायची.

आणि एके दिवशी पेन बंडीच्या आतल्या खिशात घालून तो यष्टीनं दौंडला गेला.

सोनारानं निब उपसून हातात घेतली आणि तिचं टोक कसोटीच्या दगडावर ओढलं. दगडावर रेघ उठली ती पांढरी. सोनं पिवळं उमटतं हे तात्याबालाही कळत होतं.

"टोकाला मणी हाय पांढरा," सोनार म्हणाला. "कसला तरी डाग देऊन जोडलेला दिसतो. घासून काढला तर खालचं कळंल. काढू?"

तात्याबाला संपतचं बोलणं आठवलं. आणि खोटं कशाला बोला, आत कुठंतरी त्याला किंचित बरंही वाटलं. आपण उगीच कुणावर संशय घेत नाही, असं.

"काढा," तो म्हणाला.

सोनारानं कानशीनं मणी घासून काढला. तो चिवट निघाला, बराच वेळ लागला. मग टोक पुन्हा दगडावर ओढलं. आता रेघ पिवळीधमक. वर तेजाबाचा थेंब टाकला तरी ती हटेना.

"सोनंच हाय की वो! चौदा क्यारेट."

तात्याबाचा जीव भांड्यात पडला. यष्टीत बसल्यावर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. घरी येऊन हातपाय धुतले, पाटावर बसला आणि पहिली पत्रिका घेतली. पहिली जेजुरीच्या खंडोबाची. 'श्री' काढायला घेतलं तशी निब करकरली आणि कागद ओरबाडून त्यात रुतली. शाईचा डाग पडला. दुसरी घेतली, तिचंही तेच. आधी वाटलं, सोनारानं निब बदलली. पण निब तर डोळ्यांसमोरच होती, सारा वेळ.

दुसऱ्या दिवशी तो आण्णांच्या ओट्यावर होता. "चालंना झालंय," एवढंच म्हणाला.

आण्णांनी चष्मा पुसला. कापऱ्या हातानं निबेचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"तात्या, टोकाचा मणी कुठाय? लिहितो तो मणीच. नुसतं सोनं मऊ आसतं, ते लिहीत न्हाई."

आण्णांनी निब उजेडाकडं धरली.

"हा पडला न्हाई. घासून काढलाय कुणीतरी."

बायकोच्या हातून झालं, असं सांगायचं तात्याबाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आण्णांपुढं ते तोंडातून निघेना.

"सोनाराकडं गेल्तो," तो म्हणाला. "दौंडला."

आण्णांनी टोपण हळूच बसवलं. "निघालं का सोनं?"

"व्हय. चौदा क्यारेट."

"मी सांगितलंच हुतं की," आण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग म्हणाले, "यवतला बी सोनार हायेत. दौंडला कशाला गेलास, तात्या?"

आपल्या कानावर येऊ नये म्हणून गेला, हे आण्णांना कळलं होतं.

पूनमचं लग्न नीट पार पडलं. पत्रिका बॉलपेननं लिहिल्या. आण्णा लग्नाला आले, अक्षता टाकून, पोट भरून जेवून गेले. तात्याबाचं बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसणंही सुटलं नाही. फक्त एक झालं. आण्णा काहीही सांगोत, पावसाचं, बियाण्याचं, कुणाच्या आजारपणाचं, शेवटी म्हणायचे, "आसं मी म्हंतो. तू बघ बाबा खात्री करून."

रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही, अगदी सहज. दर वेळी तात्याबाला वाटायचं की आता म्हणून टाकावं, आण्णा, तुमच्यावर माझा इश्वास हाय. शब्द जिभेवर यायचे. पण ते आता आण्णांनी खरे का मानावेत, हे काही त्याला सांगता येत नव्हतं.