जानकीबाईंच्या दाढेतला चौथा कॅनाल

"आज दाढ काढूनच टाका, डाक्तर," जानकीबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

त्या दाढेचं रूट कॅनाल मीच महिन्यापूर्वी केलं होतं. एक्स-रे चांगला दिसत होता. डाव्या बाजूच्या दाढा त्यांच्या कधीच गेल्या होत्या. उजवीकडची ही वरची दाढ काढली, तर भाकरी चावायला काही उरणार नव्हतं.

माझं क्लिनिक बोईसरला, मागे राहायची खोली. घरचे सगळे सांगलीला. एमआयडीसीतले कामगार शिफ्ट सुटली की येतात, "दर्द बंद कर दो, साब" म्हणतात आणि जातात. दुसरं कुणी बोलायला नाही. जानकीबाई इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीम गावच्या, बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकतात. दाढ दुखतेय म्हणून महिन्यात चारदा आल्या. दर वेळी मी चहा मागवायचो आणि त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसायचो. त्या अर्धा तास कप धरून बसायच्या आणि आमच्या गप्पा चालायच्या. लेक डहाणूला दिलेली, घरी कुणी नाही. मी मनातल्या मनात निदान करून टाकलं: दाढ ठीक आहे, बाई एकट्या आहेत. मला त्यांचं येणं बरंच वाटायचं.

त्या दिवशीही चहा आला. "प्या ना, निवेल," मी म्हटलं.

"निवायचीच वाट बघते. गरम लागला का हीच दाढ कळ मारते."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कवा? तुमी आपले बोलत बसता. मानूस एकटा हाय, म्हनून आमी ऐकतो."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. रूट कॅनाल म्हणजे दाढेतली नस काढणं. नस गेली की दाढेला गरम कळत नाही. कळतंय, म्हणजे आत नस शिल्लक आहे.

वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन. नस ज्या नळीतून जाते, तिला कॅनाल म्हणतात. तीन मुळं, तीन कॅनाल हा नवशिक्याचा हिशेब. गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा आणखी एक असतो, केसासारखा बारीक. सरळ काढलेल्या एक्स-रेत तो पहिल्याच्या मागे झाकला जातो. हे मला पाठ होतं. तरी मी तो शोधलाच नव्हता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मंग शोदा आता."

तिरका एक्स-रे घेतला. पुढच्या मुळात भरलेली रेघ मधोमध नव्हती, एका कडेला होती. म्हणजे शेजारी कुणीतरी होतं. भूल देऊन दाढ पुन्हा उघडली. भिंग लावून थोडं थोडं कोरत गेलो. तासाभराने सगळ्यात बारीक फाइल, म्हणजे कॅनाल साफ करायची सुई, एका ठिकाणी आत शिरली आणि भूल असूनही जानकीबाई दचकल्या. चौथा सापडला.

दाढ वाचली. दोन आठवड्यांनी कॅप बसवली. त्यानंतर त्या क्लिनिकला आल्या नाहीत. बाजारात दिसतात, हात करतात, गिऱ्हाइकाकडे वळतात.

आता चौथा कॅनाल नाही याची खात्री झाल्याशिवाय मी दाढ बंद करत नाही. आणि कुणाला एकटं ठरवण्याआधी, खुर्चीजवळ स्टूल ओढून कोण बसलंय तेही बघतो.