पिवळं फेकणारा कंपाउंडर

मुक्ता, ईशान,

तुमच्या बाबांना कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली आहे, पण "आधी अंडी सोडून बघतो, मग गोळीचं पाहू" असं ते म्हणतात, हे मुक्ताने फोनवर हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. यातलं अंड्याचं अर्धं वाक्य याच घरात, तुमच्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. त्यांना ते शिकवणारा माणूस गेल्या महिन्यात वारला. तो होता तोवर मी लिहिणार नव्हते, कारण जे घडलं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं असं मला वाटत होतं. आता मलाच सांगावं लागणार.

त्याचं नाव लिहीत नाही. धारूरच्या आमच्या गल्लीत सगळे त्याला कंपाउंडर म्हणत. समोरच्या घराच्या ओट्यावर तो रोज सकाळी दोन उकडलेली अंडी घेऊन बसे. दोरा लावून अंडं बरोबर मधोमध कापायचा, अंगठ्याने पिवळा बलक उडवायचा आणि तो नालीपाशी बसलेल्या मांजरापुढे पडायचा. मग येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून म्हणायचा, "पिवळं इख हाय, इख. पांढरं खा आन् खुशाल ऱ्हा."

मांजर चांगलं गुबगुबीत होतं.

पांढरं खाऊन झालं की तो चहात खारी बुडवायचा. दोन, तीन, कधी चार. दुपारी भजे, संध्याकाळी शेव. हे सगळं वनस्पती तुपात किंवा चार वेळा तापलेल्या तेलात तळलेलं. मी एकदा बोलले, तर आतून पिशवी आणून दाखवली. पिशवीवर लाल बदाम छापलेला आणि खाली लिहिलेलं, कोलेस्टेरॉल नाही. "वाचा की बाई. तुमी तर विंग्रजीच्या."

आता तुम्हीही नीट वाचा. वनस्पतींपासून केलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं. ते पिशवीवर लिहिणं म्हणजे मुळ्याच्या जुडीवर 'यात हाडं नाहीत' असं लिहिण्यासारखं आहे. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. बहुतेक माणसांत ते वाढतं त्याला अंड्यापेक्षा घट्ट, गोठणारी चरबी आणि असला तळलेला माल जास्त कारणीभूत असतो. आणि काही घराण्यांत ते जन्मतःच जास्त असतं. तिथे ताटातून काहीही काढलं तरी नुसतं तेवढं पुरत नाही. आपलं घराणं तसलं आहे. तुमच्या आजोबांचे वडीलही असेच अवेळी गेले होते.

पण कंपाउंडरपुढे हे कोण बोलणार? तीस वर्षं तो एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधत होता. डॉक्टर गाव सोडून गेले तरी त्यांच्या चिठ्ठ्यांचं कोरं पॅड याच्याकडे राहिलं, आणि त्याबरोबर थोडी डॉक्टरकीही राहिली. गल्लीतली माणसं अंबाजोगाईहून मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायची आणि घरी जाण्याआधी ती याला दाखवायची. तो चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "हे घ्या, हे ऱ्हाऊ द्या." तुमचे आजोबा गणिताचे मास्तर. कुणाचंही म्हणणं पुरावा मागितल्याशिवाय न मानणारे. पण कंपाउंडरचा शब्द त्यांना चाले. दोघांची बुद्धिबळाची बैठक होती.

आजोबांना पहिला झटका सौम्य आला. अंबाजोगाईला आठ दिवस राहून, गोळ्यांची पिशवी घेऊन आम्ही परत आलो. त्यानंतर त्यांनी पिवळं सोडलं, तूप सोडलं, आणि मला वाटलं, माणूस शहाणा झाला. सात महिन्यांनी, सकाळी दाढी करता करता, ते गेले.

दहाव्याला बायका बसल्या होत्या. कंपाउंडर दारातून आत आला, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सरांना लई सांगितलं. पण बाईंच्या हातचं तूप सुटंना त्यांना. घरच्या माणसानंच सांभाळाया पायजे व्हतं."

रडणाऱ्या बाईने काय बोलायचं असतं?

महिनाभराने त्यांचं कपाट आवरायला घेतलं. बुटांच्या एका खोक्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एकही फोडलेली नाही. सात महिन्यांच्या, आजोबांच्या शिस्तीप्रमाणे महिन्यावार रबर लावून ठेवलेल्या. वर त्या दवाखान्याच्या पॅडवरची चिठ्ठी, कंपाउंडरच्या अक्षरात: गोळी बंद. पिवळं बंद. लसूण दोन पाकळ्या, अनशापोटी.

माझ्या घरात डाळींच्या डब्यांवरही चिठ्ठ्या असतात, हे तुम्हाला माहीत आहे. तरी नवऱ्याची पट्टी फुटते की नाही, हे मी सात महिने पाहिलं नाही. हा भाग माझा आहे आणि तो मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. उरलेला त्याचा.

मी वाट पाहायचं ठरवलं. गल्लीत एक रिवाज आहे: इंग्रजीत आलेला तपासणीचा कागद गुरुवारी दुपारी माझ्याकडे वाचायला आणायचा. मी आकडे समजावून सांगते आणि पुन्हा डॉक्टरकडे पाठवते. आज ना उद्या त्याचाही कागद येणार, हे मला ठाऊक होतं. रोज चार खाऱ्या खाणाऱ्याचा कागद येतोच. मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं.

दोन वर्षं लागली. किल्ल्याच्या चढावर त्याच्या छातीत भरून आलं, मुलाने तपासणी करवली, आणि गुरुवारी बायकोला पुढे घालून तो माझ्या ओसरीवर आला. सात-आठ बायका होत्या. मी कागद वाचला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तुमच्या आजोबांपेक्षाही जास्त.

मी मोठ्याने म्हणाले, "कंपाउंडर, तुम्ही तर पिवळं खात नाही. मग हा कागद मांजराचा आहे का?"

बायका हसल्या. त्याने खाली पाहिलं. "मशीन चुकलं आसल."

"मशीन नाही चुकलं. सरांना गोळी सोडायला कोणी सांगितलं? ते बोला इथे."

तो उठला. "तुमी शिकलेल्या, बाई. तुमीच बोला." आणि निघून गेला.

छान वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. दारातच बसली. "बाई, डॉक्टरनं गोळी दिली. ह्ये घेईनात."

"का?"

"म्हनतेत, घेतली तर बाई जिंकल्या."

मी दोन दिवस काही केलं नाही. हे तुम्हाला कळलंच पाहिजे, म्हणून लिहिते. मी समोरच्या ओट्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, नको घेऊ. त्याच रस्त्याने जा. मला कुणी दोष दिला नसता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तो असाच गेला तर गल्ली त्याच्यासाठी रडेल, आणि दहाव्याला ऐकलेलं ते वाक्य तेवढं माझ्या नावावर राहील. मेलेला माणूस कबूल करत नाही. मला तो जिवंत हवा होता.

मी खोकं घेतलं आणि त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. "सरांनी तुमचं ऐकून ठेवलेल्या. मोजा."

त्याने वरची चिठ्ठी वाचली. घडी घालून परत ठेवली. मग एकेक पट्टी उचलून, सवयीने उलटी करून, तारीख वाचायला लागला. "एक्स्पायर झाल्यात, बाई," म्हणाला. पुढची उचलली. "ही पन." सगळ्या तपासल्या. शेवटची हातातच राहिली. मग बायकोला म्हणाला, "पानी आन. आन् माझी गोळी."

त्याने गोळी गिळली. मी म्हटलं, "उद्यापण. सात वाजता. मी बघायला येणार."

"कावून? इस्वास न्हाई?"

"नाही."

चार वर्षं मी संध्याकाळी सातला त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. त्याने खारी सोडली, शेव दिवाळीपुरती ठेवली, डॉक्टर हो म्हणाल्यावर अख्खं अंडंही खायला लागला. मांजर रुसलं. गोळी तोंडात टाकली की जीभ बाहेर काढून दाखवायचा, शाळेतल्या पोरासारखी. "झालं का समाधान?" मी रोज तेच विचारायची, "बोलायचंय काही?" तो म्हणायचा, "उद्या."

गल्लीतले आणखी तिघे आपल्या गोळ्या घेऊन तिथे येऊ लागले. त्यांतल्या एकाने एकदा गोळी बंद करायची भाषा केली, तेव्हा कंपाउंडर त्याच्यावर खेकसला, "गप बस बे. म्या सांगितलं आन् येका मानसानं सोडली व्हती. मेला बिचारा." हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. मी त्या दिवशी तापाने घरी होते. मी नसतानाच बोलला. म्हणून मी ती कबुली धरत नाही.

बायको म्हणाली, "आता तरी सोडा की बाई." मी तिला चहा दिला. दुसरं काही दिलं नाही.

गेल्या महिन्यात न्यूमोनियाने तो गेला. हृदय शेवटपर्यंत चांगलं चाललं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते चालू ठेवायला मी चार वर्षं घातली, आणि तो उद्या-उद्या करत निसटला. त्याच्या दहाव्याला मी गेले. बायका बसल्या होत्या, मी बोलू शकले असते. त्याची बायको माझ्याकडे पाहत होती. मी बोलले नाही. पण तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे आहात. मी त्याला माफ केलेलं नाही.

तुमच्या बाबांना हे पत्र पूर्ण वाचून दाखवा. त्या खोक्याचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. अंड्याचं काय करायचं ते डॉक्टरला विचारून ठरवा. गोळी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. मुक्ता, रोज पट्टी तू बघायचीस. विश्वास ठेवू नकोस.

समोरच्या ओट्यावर संध्याकाळी सातला अजून तीन माणसं बसतात. एकमेकांसमोर गोळी घेतात आणि घरी जातात.