वीस बाजूंचा फासा आणि जुगाराची केस

“बाई, मी बी हो म्हनून टाकू काय?”

शंकर मडावीनं मला हे तिसऱ्यांदा विचारलं. आम्ही वर्ध्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होतो. त्याच्या तिन्ही मित्रांनी अर्ध्या तासापूर्वी जुगाराचा गुन्हा कबूल केला होता. दंड भरून ते आपापल्या वडिलांबरोबर ऑटोत बसून निघूनही गेले होते.

“नाही,” मी म्हणाले. “आणि पुन्हा विचारलंस तर मी फाइल तुझ्या हातात देऊन घरी जाईन.”

मी अशी तोडून बोलणारी. फौजदारी कोर्टात आम्ही बायका तेव्हा नावापुरत्या होतो. गोड बोलून आपलं काम होत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण शंकरचं चुकत नव्हतं. जुगाराच्या केसमध्ये सगळे हेच करायचे. कबुली द्यायची, किरकोळ दंड भरायचा, जेवायच्या वेळेला घरी. बहुतेक वकीलसुद्धा हाच सल्ला देत. मीही कितीदा दिला होता.

शंकरला तो सल्ला देऊन चालणार नव्हतं. त्याची पोस्टात निवड झाली होती. घरातला नोकरीला लागणारा तो पहिलाच. नेमणुकीआधी पोलीस व्हेरिफिकेशन असतं, म्हणजे उमेदवारावर कुठे गुन्हा शाबीत झाला आहे का याची चौकशी. कबुली दिली की शिक्षा झाली, शिक्षा झाली की नोकरी गेली.

त्याचे वडील सोमाजी गिरडजवळच्या खेड्यातून आले होते. जंगलखात्याच्या कामावर जायचे. त्यांनी हात जोडले. “बाई, तुमाले जे बरोबर वाटते ते करा. पन पोराची नोकरी वाचवा. बाकी मले काही नाई पाह्यजे.”

मी वाचवते म्हणाले. कशी, ते मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं.

झालं होतं ते असं. स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या खोलीत ही चार कॉलेजची मुलं दर रविवारी दुपारी एक खेळ खेळायची. एकाच्या भावानं अमेरिकेतून तो पाठवला होता. त्याला ते रोल प्लेइंग गेम म्हणतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट बोलत बोलत पुढं न्यायची. आळीपाळीनं एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगणार. तलवार लागली की हुकली, हे फासे टाकून ठरवायचं, त्यातला एक तर वीस बाजूंचा. उन्हाळ्यामुळे दार लावलेलं. आतून ओरडा, “वीस पडला! मेला, मेला!” शेजाऱ्यानं तक्रार केली, हवालदार भोयर आले आणि चौघांना घेऊन गेले.

पंचनामा म्हणजे जागेवर काय सापडलं याची यादी. त्यात लिहिलं होतं: विचित्र आकाराचे फासे सहा नग, आकडे लिहिलेले कागद चार नग, राक्षसाचे चित्र असलेले इंग्रजी पुस्तक एक नग.

भोयरांना दोष देता येत नव्हता. त्यांची अर्धी नोकरी मटक्याच्या धाडी घालण्यात गेली होती. मटका म्हणजे आकड्यांवरचा जुगार, त्याच्या चिठ्ठ्या अशाच असतात. इथं प्रत्येक कागदावर पोराचं खोटं नाव, खाली सहा आकडे आणि त्याखाली ‘सोने’ म्हणून आणखी एक आकडा. वर ‘एल्फ’, ‘ड्वार्फ’, ‘हाफलिंग’ असले शब्द. भोयरांच्या मते ते मटकेवाल्यांच्या हुद्द्यांचे सांकेतिक शब्द होते. पोरांच्या डावावर एक पैसा सापडला नव्हता. त्यावर पोलिसांचं उत्तर तयार होतं, सगळं उधारीवर चाललं होतं. शिवाय जुगाराच्या कायद्याची एक खोड आहे. पोलिसांना जागेवर जुगाराचं साहित्य सापडलं की जुगार चालू होता असंच कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे आरोपीनं दाखवायचं.

म्हणजे एल्फ कोण आणि ड्वार्फ कोण, हे मला शोधणं भाग होतं.

मी कॉलेजात मला इंग्रजी शिकवणाऱ्या वैद्य सरांकडे गेले. सर रिटायर झाले होते. त्यांनी कागदांच्या नकला बघितल्या आणि हसायलाच लागले.

“अगं, ही तर सगळी माझ्या कपाटातली मंडळी!”

त्यांनी जाडजूड कादंबऱ्या काढल्या. अद्भुत कथा, परक्या जगातल्या. सरांनी मला धडा द्यावा तसं समजावलं. एल्फ म्हणजे उंच, सडपातळ, अरण्यात राहणारे, शेकडो वर्षं जगणारे, धनुष्यात तरबेज. ड्वार्फ म्हणजे ठेंगणे, दाढीवाले, जमिनीखाली खाणीत राहणारे. हाफलिंग त्यांच्याहून बुटके, घरबशे, पण लपण्यात आणि नेम मारण्यात पटाईत. खेळ बनवणाऱ्यांनी कादंबऱ्यांतल्या या जमाती उचलल्या आणि त्यांना आकडे दिले. कादंबरीकार लिहितो, ‘तो भलताच दणकट होता.’ खेळात लिहितात, ‘ताकद सोळा.’

मी तीन आठवडे त्या कादंबऱ्या वाचल्या. पहिले तीन कागद समोर ठेवून एकेक ओळ जुळवली. ड्वार्फला अंधारात दिसतं, कारण तो खाणीत राहतो. त्याला जादू शिकता येत नाही, कारण पुस्तकात तो हातोड्याचा माणूस. हाफलिंगचा नेम चांगला, कारण पुस्तकात ती माणसं दगड मारण्यात हुशार. सगळं चोख जुळत होतं. चौथा कागद शंकरचा. पेन्सिलीनं लिहिलेला, नक्कल पुसट निघालेली. तोही तसलाच असणार, असं म्हणून मी तो बाजूला ठेवला. एवढी मोठी चूक मी वकिलीत दुसरी केली नाही.

सुनावणीच्या दिवशी भोयरांची साक्ष झाली आणि त्यांनी पाहिलं तेवढं सांगितलं. मग मी वैद्य सरांना साक्षीदार म्हणून उभं केलं. त्यांनी टेबलावर पुस्तकांचा ढीग रचला. मॅजिस्ट्रेट साहेब खडूस म्हणून प्रसिद्ध, पण ते पुढं वाकून ऐकायला लागले.

“मग या खेळात राक्षस होता येत नाही का?” त्यांनी मध्येच विचारलं.

“फारसं नाही, साहेब. कादंबरीत ते शत्रूच आहेत. म्हणून खेळातही मारण्यापुरतेच.”

“हे काही बरोबर नाही,” साहेब म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

सरकारी वकील उलटतपासाला उठले. वयानं मोठे, स्वभावानं थंड. त्यांनी चौथा कागद सरांच्या हातात दिला.

“सर, हा आरोपीचा स्वतःचा कागद. ‘जमात: टेकडीवाले. दगड सात, परत पाच.’ हे टेकडीवाले कोणत्या कादंबरीत आहेत?”

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. “माझ्या वाचनात नाहीत.”

“खेळाच्या पुस्तकात आहेत?”

“नाहीत.”

“म्हणजे बाकीचे तीन कागद पुस्तकातले आणि हा एकटाच इथं तयार झालेला. सात दिले, पाच परत आले. साहेब, हा देण्याघेण्याचा हिशेब आहे.”

सोमाजी मागच्या बाकावर बसले होते. माझी मान वळवायची हिंमत झाली नाही. तीन आठवडे परक्या जमातींची चौकशी करत बसले आणि माझ्याच अशिलाला एक प्रश्न विचारला नाही! मला स्वतःची लाज वाटली.

दुसरा उपाय नव्हता. मी शंकरला साक्षीला उभं केलं. काय उत्तर येणार हे माहीत नसताना प्रश्न विचारू नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी विचारला.

“हे टेकडीवाले कोण?”

शंकरनं कठडा घट्ट धरला होता. “मले त्या पुस्तकातला ड्वार्फ जमत नव्हता, बाई. तो सोन्याच्याच मांगं लागून राह्यते. मंग सोबती म्हने, तुह्या मनानं बनव. मी माह्या आजाच्या गोष्टीतला घेतला. आजा गुरं राखे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “काय गोष्ट? सांग.”

“साहेब, आमच्या इकडच्या टेकडीत बुटके लोक राह्यतेत. कमरेइतके. एकेकापाशी सात गोल दगड असतेत. फेकला का नेम चुकत नाई. पन दिवस बुडाच्या आंदी सातही दगड ढुंढून आनाव लागतेत. एक बी कमी पडला त टेकडीचं दार उघडत नाई. म्हनून मी लिहून ठेवो, किती फेकले, किती वापस आनले. त्या दिवशी दोन आनाचे राह्यले होते. तेवढ्यात हवालदार साहेब आले.”

कोर्टात कोणीतरी हसलं. सरकारी वकील हसले नाहीत. “गोष्ट छान आहे. धाड पडल्यावर रचायला वेळही भरपूर होता.”

तेवढ्यात मागून आवाज आला.

“आन मीठ खाल्लं त नेम चुकते.”

हवालदार भोयर. त्यांची साक्ष संपली होती, पण पुढच्या केससाठी ते दाराशी थांबले होते.

“तुम्हाला कोणी विचारलं?” साहेब गरजले.

भोयर सावधान उभे राहिले. “कोनी नाई, साहेब. पन ते सांगाचं हा विसरला. मी बी त्याच भागातला आहो. लहानपनी गुरं राखाले जाओ तवा म्हातारे सांगत. टेकडीवाल्यानं मीठ खाल्लं का त्याचा नेम गेला.”

साहेबांनी हात पुढं केला. “तो कागद द्या इकडे.”

सरकारी वकिलांनी दिला. साहेबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि अगदी खालची पुसट ओळ मोठ्यानं वाचली.

“‘मीठ चालत नाही. खाल्ल्यास नेम उणे चार.’”

हा कागद धाडीच्या दिवसापासून पोलिसांच्या ताब्यात, सीलबंद. त्यात नंतर कोणी काही घालणं शक्यच नव्हतं.

साहेबांनी भोयरांना पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं आणि त्यांचं म्हणणं रीतसर लिहून घेतलं. सरकारी वकिलांना त्यांनी विचारलं, “आणखी काही?” ते म्हणाले, “काही नाही, साहेब.” आणि मला शपथेवर सांगायला लावलं तरी सांगेन, ते किंचित हसले.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. निर्दोष. साहेबांनी निकालात लिहिलं की तीन कागदांतल्या जमाती छापील गोष्टींतून आल्या आहेत आणि चौथ्यातली तोंडी गोष्टीतून. दोन्हींत कोर्टाला फरक दिसत नाही, आणि जुगारही दिसत नाही.

व्हरांड्यात सोमाजींनी पोराच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली आणि मग तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. मला तर इतकं हलकं वाटत होतं की कँटीनमध्ये मी चहाबरोबर दोन प्लेट आलुबोंडे एकटीनं खाल्ले. वैद्य सर मात्र सोमाजींना बाजूला घेऊन, बुटक्यांचा दरवाजा टेकडीच्या कोणत्या बाजूला आहे ते विचारत बसले होते.

शंकर पोस्टात लागला. व्हेरिफिकेशनचा कागद भोयरांकडेच आला होता, त्यांनी तो दोन दिवसांत चांगला शेरा मारून पाठवला.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. अशिलाचा कोणताही कागद मी स्वतः वाचत नाही. आधी त्यालाच मोठ्यानं वाचायला लावते, अगदी तळच्या ओळीपर्यंत. कंटाळतात बिचारे. कंटाळू देत.